उशीच्या अभ्र्यातल्या नोटा

गुडगाव
रविवार, १२ फेब्रुवारी १९९५

ती. दीनानाथकाका,

नमस्कार. पत्र बघून घाबरू नका, आम्ही सगळे ठीक आहोत. आमचा टेलिफोन अजून वेटिंग लिस्टमध्येच आहे, आणि तो असता तरी तुम्हाला फोनवर धड ऐकू येत नाही. म्हणून म्हटलं, लिहावंच.

आईच्या पैशांना वाळवी लागली. हा शब्दही मला आईनंच सांगितला, मी आपली दीमक दीमक करत होते. तुम्हाला माहीत आहे, बाबा गेल्यापासून आई करोलबागेत फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. चकल्या, करंज्या, अनारसे. दोन वर्षांपूर्वी तिथली खोली सोडून इथे आमच्याकडे राहायला आली तेव्हा बरोबर एक पत्र्याची ट्रंक आणली. त्यात साड्या आहेत असं आम्ही समजत होतो. साड्यांच्या खाली उशीच्या अभ्र्यात नोटा होत्या, अडतीस हजारांच्या. शंभराच्या आणि पन्नासाच्या, बारा-तेरा वर्षांत साठवलेल्या.

आता ते बाहेर का निघाले, तेही सांगते. इथे नव्या सोसायटीत आम्ही फ्लॅट बुक केला आहे ना, त्याचा शेवटचा हप्ता एप्रिलअखेर भरायचा आहे. लोन, अनुरागची सेव्हिंग, माझे दागिने, सगळं धरून चाळीस हजारांच्या आसपास कमी पडत होते. दिवाळीत आई म्हणाली, मी देते. अनुराग नको नको म्हणत होता. तेव्हा आई त्याला म्हणाली, "दोन वर्षं जावयाच्या घरी जेवले. आता त्या नव्या घरात एक खोली माझी असू दे." मग तो तयार झाला.

काल आईनं ट्रंक उघडली. हे आमचं भाड्याचं घर जिथे आहे तिथे सहा वर्षांपूर्वी मोहरीचं शेत होतं, म्हणे. जमिनीतून दीमक येते. ट्रंकेचा तळ गंजून भोक पडलेलं, आणि आत मातीच्या नळ्याच नळ्या. निम्म्याहून जास्त नोटा कुरतडलेल्या. आई रडली नाही. तशीच उठून कुकर लावायला गेली. मला तेच बघवलं नाही.

काका, तुम्ही रिझर्व्ह बँकेत संसद मार्गला फाटक्या नोटांच्या सेक्शनमध्ये एकोणीस वर्षं काढलीत. सांगा, यातलं काही वाचेल का?

तुमची,
देविका


पानिपत
१७ फेब्रुवारी १९९५

चि. देविका,

आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. इथला पोस्टमन मला दर वेळी विचारतो की मराठी माणूस पानिपतात काय करतो, आणि मी दर वेळी सांगतो, मुलाची बदली झाली म्हणून आलो, लढायला नाही. काल मात्र मी त्याच्याशी बोललो नाही. दारातच पाकीट फोडलं.

आधी हे वाच आणि वहिनींना वाचून दाखव: पैसे गेलेले नाहीत.

नोट म्हणजे पैसा नव्हे, पैशाची चिठ्ठी. शंभराची एखादी धड नोट हातात घे आणि वाच. "मैं धारक को सौ रुपये अदा करने का वचन देता हूँ." खाली गव्हर्नरची सही. कोपऱ्यावरच्या वाण्यानं तुला उधारीची चिठ्ठी लिहून दिली आणि ती उंदरानं कुरतडली, तर वाण्याची उधारी फिटली का? नाही ना. तसंच हे. बँक देणं लागते. कागद हा फक्त पुरावा, आणि वाळवीनं खाल्ला तो पुरावा. पुरावा पुरेसा उरला असेल तर बँक मुकाट्यानं पैसे देते. मी स्वतः हजारो लोकांना दिले आहेत.

बँकेला भीती एकाच गोष्टीची असते. एका नोटेचे दोन तुकडे घेऊन दोन माणसं दोन खिडक्यांवर यायची, आणि एकच देणं दोनदा फेडलं जायचं. म्हणून आम्ही सगळ्यात मोठा सलग तुकडा बघतो. तो निम्म्याहून बराच मोठा असेल तर पूर्ण किंमत. त्याहून लहान असेल तर अर्धी. अगदीच चिंधी असेल तर काही नाही.

म्हणून आता नीट ऐक. नोटांना कोणीही हात लावायचा नाही. झटकायच्या नाहीत, उन्हात घालायच्या नाहीत, इस्त्री तर बिल्कुल नाही. आणि डिंक, टेप, खळ यांतलं काही त्यांच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही. मोकळ्या पाकिटांत एकेका नोटेचे तुकडे ठेवायचे आणि सगळं घेऊन संसद मार्गला जायचं.

वहिनींना म्हणावं, धीर धरा. खोली तुमचीच आहे.

तुझा,
दीनानाथकाका


गुडगाव
२२ फेब्रुवारी १९९५

ती. काका,

तुमचं पत्र काल आलं. चार दिवस उशिरा आलं.

सोमवारपासून शुक्रवारपर्यंत मी ऑफिसला गेले की आई नोटा घेऊन बसायची. मैद्याची खळ केली. एका नोटेची डावी बाजू शाबूत असेल तर दुसरीची उजवी घ्यायची, सिंहाला सिंह जुळवायचे, मागून पतंगाच्या कागदाची पट्टी लावायची आणि वर पाटा ठेवून दाबायचं. तुम्ही आईचं रफू बघितलंय ना, काका? बाबांच्या कोटाला कोपरावर केलेलं रफू शिंप्यालाही सापडायचं नाही. तसं काम. शनिवारी तिनं माझ्यापुढे एकशे चौतीस नोटांची थप्पी ठेवली आणि म्हणाली, बघ, एवढ्या वाचवल्या. किती तरी दिवसांनी हसली.

आणि मंगळवारी मी तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. डिंक, टेप, खळ, इथपर्यंत आले तेव्हा तिनं पदराला हात पुसले आणि आत गेली. तेव्हापासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते.

आता काय करायचं? मी एक सुचवू का? तुमच्या हाताखाली शिकलेले ते पद्माकर अजून त्याच सेक्शनला आहेत ना? तुम्ही त्यांना दोन ओळी लिहा. माझ्या वहिनी आहेत, बाईंना नियम माहीत नव्हता, सांभाळून घ्या, एवढंच. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. प्लीज, काका.

देविका


पानिपत
२६ फेब्रुवारी १९९५

चि. देविका,

पद्माकरला मी लिहिणार नाही.

रागावू नकोस. दोन वेगळ्या नंबरांच्या अर्ध्या नोटा जोडून एक केलेली नोट टेबलावर आली की तिथला माणूस ती संशयानंच हातात घेतो. मीही तशीच घ्यायचो. असा धंदा करणारे लोक आहेत. दहा नोटांचे थोडे थोडे तुकडे काढून अकरावी बनवतात. त्यात वर जुन्या साहेबाची चिठ्ठी आली तर पद्माकरला वाटेल, काही तरी झाकायचं आहे. वहिनींवर चोरीचा शिक्का माझ्या हातानं बसेल.

उपाय एकच आहे. जोडलेलं सगळं सोडवा. मैद्याची खळ आहे हे बरं, डिंक असता तर संपलं होतं. पातेल्यात पाणी उकळून त्याच्या वाफेवर नोट लांबूनच धरायची. खळ मऊ पडली की बोटानं नाही, पिसानं किंवा मऊ ब्रशनं सोडवायची. टिपकागदात ठेवून वाळवायची. मग नंबर बघून ज्याचं त्याला. अर्जात जे घडलं ते जसंच्या तसं लिहा. खळ लावली होती, नंतर सोडवली, हेसुद्धा.

वहिनींनी असं करावं याचं मला आश्चर्य वाटतं. इतकी वर्षं माझ्या तोंडून ऐकत आल्या. निदान माझ्या पत्राची वाट तरी बघायची.

दीनानाथकाका


गुडगाव
५ मार्च १९९५

दीनानाथभावजी,

तुम्हाला मी आजवर पत्र लिहिलेलं नाही. तुमचे दादा होते तेव्हा ते लिहायचे, नंतर देविका. आता मलाच लिहावं लागलं. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घ्या.

तुम्हाला आश्चर्य वाटलं म्हणे. मला तुमचंच वाटलं. फाटलं की जोडावं एवढंच मला आयुष्यभर येत आलंय. दादांच्या दोन वर्षांच्या आजारपणात घर कशावर चाललं ते तुम्ही बघितलंत. जुन्या चादरीचं अस्तर, जुन्या साडीची गोधडी. दोन फाटक्या वस्तूंतून एक धड वस्तू केली तर आमच्यात तिला कौतुकानं बघतात. तुमच्या बँकेत तिला चोरी म्हणतात, हे मला कुठून कळणार? मी कोणाला फसवायला नव्हते निघाले. माझ्याच नोटांतून माझीच नोट केली.

सोडवते आहे. वाफेनं बोटं भाजली आहेत, पण सोडवते आहे.

पण एक गोष्ट विचारते, तिचं उत्तर द्या. त्या नोटेवर लिहिलंय की धारकाला शंभर रुपये देईन. बरं. मी शंभराची नोट घेऊन तुमच्या गव्हर्नरकडे गेले आणि म्हटलं, फेडा तुमचं देणं, तर ते मला काय देणार? दुसरी शंभराचीच नोट ना? याला देणं फेडणं म्हणतात होय? आमच्या गल्लीतल्या कोणी असं केलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन बसले असते.

सुमित्रा


पानिपत
११ मार्च १९९५

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार. त्या पत्रातली शेवटची ओळ मी लिहायला नको होती. माफी मागतो. रेवतीनं, म्हणजे आमच्या सूनबाईंनी, ते पत्र टाकायला नेताना उघडं बघितलं आणि मला म्हणाली, बाबा, असं लिहू नका. मी ऐकलं नाही. पाकीट चिकटवलं आणि दिलं.

तुमचा प्रश्न बरोबर आहे. चौतीस वर्षं नोकरी केली, पण असा सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माझे वडील सांगायचे की त्यांच्या लहानपणी नोट नेली की खिडकीतून चांदीचे रुपये खणखणत बाहेर यायचे. तेव्हा वचनाला अर्थ होता. आता दुसरी नोट मिळते, नाही तर नाणी. म्हणजे देणं फिटत नाही, नुसतं बदलून मिळतं. तरी ते देणंच आहे, वहिनी. आमच्या ताळेबंदात देशातली एकूण एक नोट देण्याच्या बाजूला मांडलेली असते, आणि दुसऱ्या बाजूला तिच्यासाठी सोनं, सरकारी रोखे असं काही ना काही ठेवावं लागतं. तुमच्या अभ्र्यातली नोट तुमची कमाई आहे, पण आमच्याकडे तीच नोट उसनवारी म्हणून लिहिलेली आहे. फक्त एक रुपयाची नोट वेगळी. ती सरकारची, तिच्यावर वचन नाही, कायद्यानं ती नाणंच समजतात.

मग लोक घेतात का? वाणी घेतो म्हणून दूधवाला घेतो, दूधवाला घेतो म्हणून तुम्ही घेता. सगळेजण एकदम वसुलीला येत नाहीत, यावर ते चालतं. चार वर्षांपूर्वी सरकारनं सोनं परदेशात गहाण ठेवलं, तेव्हा मी अजून नोकरीत होतो. ऑफिसात डबा उघडायचो आणि तसाच परत झाकायचो. वाटायचं, आपण रोज ज्या वचनावर शिक्के मारतो त्याच्या मागे आता काय राहिलं? लोकांना त्याचं काही नव्हतं. ते नोटा घेत होते, देत होते. मला त्यांचा विश्वास बघून लाज वाटायची.

अजून एक सांगतो, हे बँकेतल्या लोकांनाच ठाऊक असतं. एखादी नोट चुलीत पडून राख झाली तर बँकेला ते कळत नाही. त्या नोटेचं देणं तसंच राहतं. मागायला मात्र कोणी येत नाही.

प्रत्येक नंबर हे एक वेगळं वचन. एका वचनाचा अर्धा भाग आणि दुसऱ्याचा अर्धा भाग जोडून तिसरं वचन होत नाही. तुमच्या हाताची कला त्या नियमात बसत नाही, यात तुमचा दोष नाही.

एक मनातलं लिहितो. १९८३ साली नजफगढकडची एक बाई माझ्याकडे आली होती. म्हैस विकून मुलीच्या लग्नाला ठेवलेले पैसे, उंदरांनी खाल्लेले, आणि तिनं ते तुमच्यासारखेच जोडून आणलेले. मी ते परत केले. ती म्हणाली, साहेब, मैंने तो ठीक किया था. मी म्हटलं, अगला. आता गेले पंधरा दिवस ती माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तिला सांगू शकलो असतो, वाफेवर सोडवून आण. मला ते येत होतं. रांग मोठी होती म्हणून सांगितलं नाही.

आणि जे लिहायला मी इतकी पानं घालवली ते आता लिहितो. दादा गेले त्या वर्षी तुम्ही मला विचारलं होतंत, फराळाचे पैसे कुठे ठेवू. मी तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत होतो. मी म्हटलं, वहिनी, बँका बुडतात, पतपेढ्या बुडतात, नोट बुडत नाही, तिच्यावर आमच्या गव्हर्नरची सही आहे. तरुण होतो असंही नाही, पंचेचाळीस पार केली होती. नुसती फुशारकी. तुम्ही मान डोलावलीत. नंतर मी ही गोष्ट चार लोकांत सांगायचो, की आमच्या वहिनींचा रिझर्व्ह बँकेवर केवढा विश्वास. तो विश्वास बँकेवर नव्हता, माझ्यावर होता. तुम्ही साध्या बचत खात्यात पैसे ठेवले असते तर आज व्याजासकट पन्नास हजारांच्या वर गेले असते. तुमची खोली वाळवीनं नाही खाल्ली, मी खाल्ली.

दीनानाथ


गुडगाव
९ एप्रिल १९९५

ती. काका,

निकाल लागला, म्हणून लिहिते. पद्माकरांना न लिहिल्याबद्दल मी तुमच्यावर चिडले होते, महिनाभर पत्रही टाकलं नाही. आता राग गेला.

आईनं सगळ्या नोटा सोडवल्या. आठ दिवस लागले. प्रत्येक पाकिटावर नंबर लिहिला, आणि पाकिटं मी ऑफिसातून आणली. मी सुट्टी काढली आणि आम्ही दोघी संसद मार्गला गेलो. काउंटरवर एक तामिळ बाई होत्या, तुमच्या वेळच्या नसाव्यात. अर्जात खळीचं लिहिलेलं वाचून त्यांनी मान वर केली आणि आईकडे बघितलं. आई म्हणाली, मैंने जोड़े थे, मैंने ही छुड़ाए. त्या बाईंनी एक-दोन पाकिटं उघडून बघितली आणि म्हणाल्या, इतनी सफ़ाई से तो हमारे यहाँ भी कोई नहीं लाता.

अर्जावर सही करायला मात्र आईनं फार वेळ लावला. पेन हातात धरून नुसती उभी. मी म्हटलं, दे, मी करते, तर अशी बघितली माझ्याकडे की मी हात मागे घेतला. थकली असावी. गुडगावहून बस, मग ऑटो, मग ती रांग. त्या बाईंनीही घाई केली नाही.

परवा परत बोलावलं होतं. चोवीस हजार सहाशे पन्नास मिळाले. तेरा हजार तीनशे पन्नास गेले. कित्येक नोटांची तर चिमूटभर मातीच राहिली होती. अनुराग म्हणतो, यार, हे खूप झालं, बाकीचं मी बघतो. पण आईला ते पुरे वाटत नाही. अडतीस म्हटलं होतं आणि चोवीस दिले, हे तिच्या मनातून जात नाही. काल म्हणाली, मी बाल्कनीत झोपेन, तेवढेच माझे पैसे होतात. ती हे चिडून बोलली असती तर मी हसले असते. पण तिनं ते हिशेब करून सांगितलं.

देविका


पानिपत
१५ एप्रिल १९९५

ती. वहिनी,

सोबत तेरा हजार तीनशे पन्नासाचा ड्राफ्ट आहे, तुमच्या नावाचा. नाही म्हणू नका. हा उपकार नाही, मदत नाही. ज्यानं शब्द दिला त्यानं तो फेडायचा असतो. गव्हर्नरनं आपल्या वाटचे फेडले, हे माझ्या वाटचे.

मुलाला, मानसला, मी सांगितलं आहे, त्याची ना नाही. माझ्या पेन्शनचे आहेत, कोणाच्या तोंडचे काढलेले नाहीत.

तुम्ही बाल्कनीत झोपलात तर मला इथे झोप लागणार नाही.

दीनानाथ


गुडगाव
२५ जून १९९५

दीनानाथभावजी,

उत्तराला दोन महिने लागले. त्यातले पंधरा दिवस सामान हलवण्यात गेले, बाकीचे हिंमत गोळा करण्यात.

ड्राफ्ट परत पाठवते आहे. रागानं नाही. तुम्ही ज्याचे पैसे फेडताय ते देणं तुमच्याकडे नव्हतंच.

तुमचे दादा गेल्यावर तेराव्यानंतर मी त्यांच्या खात्यासाठी बँकेत गेले होते. करोलबागेतली ती बँक, नाव लिहीत नाही. एकटीच गेले. देविका कॉलेजला होती. मी सातवी झालेली, माझी सही चांगली होती. पण दोन वर्षं आजाऱ्याला उचलून उचलून हात कापायला लागला होता. तिथल्या माणसानं माझी सही घेतली, जुन्या कागदाशी ताडून बघितली. परत करा म्हणाला. परत केली. तिसऱ्यांदा केली तेव्हा मागे रांगेत लोक चुळबुळायला लागले. त्यानं शाईचा पॅड पुढे सरकवला आणि म्हणाला, माताजी, छोड़िए, अँगूठा लगा दीजिए.

मी लावला. काय करणार होते? बसमधून घरी येईपर्यंत अंगठा पदरात गुंडाळून ठेवला होता. शेजारच्या बाईनं विचारलं, हाताला काय झालं, तर मी म्हटलं, भाजलं. दादांना जाऊन महिना नव्हता झाला. त्यांच्यासाठी मी रडले तेवढीच त्या दिवशी त्या अंगठ्यासाठी रडले.

ठरवलं, परत बँकेची पायरी चढायची नाही. पण लोकांना सांगायचं काय? पुढच्याच आठवड्यात तुम्ही पाटावर बसलात आणि नोट बुडत नाही म्हणालात. मला इतकं बरं वाटलं, भावजी. आता कोणी विचारलं तर म्हणता येणार होतं, आमचे भावजी रिझर्व्ह बँकेत आहेत, त्यांनीच सांगितलंय. मी तुमच्यावर विश्वास वगैरे काही ठेवला नाही. तुमच्या शब्दाआड लपून बसले. तेरा वर्षं बसले. तुम्ही लिहिलंत की खोली मी खाल्ली, तेव्हाच हे सांगायला हवं होतं. लाज वाटली, आणि तुम्ही तिकडे झुरत राहिलात. माफी मागायची ती मी.

संसद मार्गला त्या फॉर्मवर पेन टेकवायला मला पाच मिनिटं लागली. देविकाला वाटलं मी दमले. त्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि दुसरीकडे बघत बसल्या. सही झाली, वाकडी झाली. त्यांनी शिक्का मारला.

आता फ्लॅटचं. मी चोवीस हजार सहाशे पन्नासच दिले. बाकीचे अनुरागनं कारखान्यातून ॲडव्हान्स काढले. ते मी दिवाळीपर्यंत फेडणार आहे. या सोसायटीत मराठी घरं अकरा आहेत आणि एकीलाही अनारसे येत नाहीत. त्याला तसं सांगितलं. मला वाटलं नको म्हणेल, तर म्हणाला, ठीक आहे आई, पण चकलीचा पहिला घाणा माझा.

गेल्या आठवड्यात तहसील कचेरीत घराची रजिस्ट्री झाली. तिथे गेल्यावर कळलं की यांनी मला न विचारता कागदात माझं नाव घातलंय. अनुराग, देविका आणि मी. कारकुनानं सह्या घेतल्या. माझी झाली, परत कर कोणी म्हणालं नाही. आणि मग त्यानं शाईचा पॅड काढला. मी अंगठा मुठीत धरला. पण तो पॅड त्यानं आधी अनुरागपुढे ठेवला. इंजिनियर माणूस, त्यानं अंगठा लावला. देविकानं लावला. पॅन्ट-शर्टातले दोन साक्षीदार होते, त्यांनीही लावला. तिथे सगळ्यांनाच लावावा लागतो, भावजी. मी हसायला लागले ते थांबेचना. देविका घाबरून पाणी आणायला धावली. घरी येताना तिघांचे निळे अंगठे, आणि मी माझा पदरात घेतला नाही.

खोली लहान आहे. पलंग ठेवला की कपाटाचं एकच दार उघडतं. खिडकीतून बांधकामाच्या क्रेन दिसतात. काल अनुराग हातोडी घेऊन आला. दार उघडंच होतं, तरी बाहेर उभं राहून त्यानं टकटक केलं आणि विचारलं, "आई, इथे खिळा ठोकू का?" मी म्हटलं, ठोक.

पानिपतहून थेट बस मिळते म्हणे. आठ दिवस राहायला या. देविकाला विचारलेलं नाही. मी बोलावते आहे.

सुमित्रा